प्रतिपिंडांच्या चित्रात राहून गेलेला बाण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर लसीकरणासंबंधी जो सविस्तर लेख नुकताच प्रसिद्ध झाला, तो मी आस्थेने वाचला, कारण शरीराची प्रतिकारव्यवस्था हाच विषय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली आहेत. लेखाची भाषा सोपी होती, सूर जबाबदारीचा होता आणि लसींविषयीच्या अफवांना त्यात थारा नव्हता, याबद्दल लेखकाचे आणि आपले मनापासून आभार. मात्र लेखासोबत छापलेल्या चित्राविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या चित्राचे दोन भाग होते. डावीकडे बी पेशी नावाची एक पांढरी रक्तपेशी होती; तिला जंतू येऊन चिकटला होता आणि दुसऱ्या बाजूने तिच्यातून प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, बाहेर पडत होती. उजवीकडे टी पेशी नावाची दुसरी पांढरी रक्तपेशी होती आणि ती विषाणूने ग्रासलेल्या पेशीला मारत होती. दोन्ही भागांच्या मधोमध एक जाड उभी रेघ होती. ही रेघ पुसून तिच्या जागी उजवीकडून डावीकडे जाणारा एक बाण काढायला हवा होता, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र आहे. तो बाण का हवा, हे सांगायला मात्र थोडा विस्तार करावा लागेल.

जंतूवरचे प्रथिन बी पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही रेणूला चिकटले की बी पेशी जागी होते, हे चित्रात बरोबर दाखवले होते. पण जागी होणे निराळे आणि कामाला लागणे निराळे. बहुतेक प्रथिनांच्या बाबतीत बी पेशीला त्यानंतर दुसरा एक संदेश लागतो, आणि तो टी पेशींपैकी मदतनीस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशींकडून यावा लागतो. तो आला तर बी पेशी वाढते, तिच्या वंशातून प्रतिपिंडे ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशी आणि पुढच्या वेळेसाठी टिकून राहणाऱ्या स्मृतिपेशी तयार होतात. तो आला नाही तर ती पेशी बहुधा निष्क्रिय होते किंवा थोड्याच दिवसांत मरून जाते. म्हणजे प्रतिपिंड बाहेर पडते बी पेशीतून हे खरे, पण ते पडावे की नाही, कोणत्या जातीचे पडावे आणि किती चांगल्या पकडीचे असावे, या तिन्ही गोष्टींवर टी पेशीची छाप असते.

हे ज्ञान ज्या वाटेने आले ती वाट मी विद्यार्थ्यांना नेहमी सविस्तर सांगत असे, कारण तिच्यात कोड्याचा आनंद आहे. १९५६ साली ब्रूस ग्लिक आणि टिमथी चँग यांना असे आढळले की कोंबडीच्या शेपटीकडच्या बाजूला असलेली, फॅब्रिशियसची बर्सा नावाची पिशवीसारखी ग्रंथी लहानपणीच काढून टाकली, तर ती कोंबडी प्रतिपिंडे बनवू शकत नाही. हा निबंध कुक्कुटपालनविषयक नियतकालिकात छापला गेल्यामुळे वैद्यकाच्या जगाचे त्याकडे काही वर्षे फारसे लक्षच गेले नाही. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढून पाहिली. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी म्हणजे लिम्फोसाइट पेशींची (बी आणि टी पेशी ज्या गटात मोडतात त्या पांढऱ्या रक्तपेशींची) स्मशानभूमी असावी, असा समज तोवर प्रचलित होता. पण ती काढलेले उंदीर परक्या उंदराची कातडीसुद्धा नाकारेनासे झाले आणि संसर्गांना सहज बळी पडू लागले. १९६५ मध्ये मॅक्स कूपर, रेमंड पीटरसन आणि रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांमध्येच दाखवून दिले की बर्सा आणि थायमस यांच्यावर अवलंबून असणाऱ्या पेशींचे दोन वेगवेगळे वंश आहेत. आज आपण बी आणि टी म्हणतो ती अक्षरे याच दोन ग्रंथींच्या नावांवरून आली. माणसाला बर्सा नसते, आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात.

इथपर्यंत चित्रातली ती जाड रेघ योग्यच वाटावी. दोन ग्रंथी, दोन वंश, दोन कामे. पण एक गोष्ट बसत नव्हती. ज्या उंदरांची थायमस काढलेली असे, त्यांच्यात कित्येक पदार्थांविरुद्धची प्रतिपिंडेही घटत. थायमसमधल्या पेशी स्वतः प्रतिपिंडे बनवत नाहीत, मग त्या नसल्याने प्रतिपिंडे का घटावीत?

१९६६ मध्ये हेन्री क्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्साराने स्वतःच्या लिम्फोसाइट पेशी नष्ट केलेले उंदीर घेतले. काहींना केवळ थायमसच्या पेशी दिल्या, काहींना केवळ अस्थिमज्जेच्या, आणि काहींना दोन्ही. मग सर्वांना मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचून प्रतिपिंडे किती बनतात ते पाहिले. एकेकट्या पेशी मिळालेल्या उंदरांत अगदी थोडी बनली. दोन्ही मिळालेल्यांत जी बनली ती त्या दोन थोड्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त होती. बेरजेपेक्षा जास्त, या दोन शब्दांत सहकार्याचा सगळा पुरावा आहे. उरलेला प्रश्न असा होता की या जोडीतले नेमके कोण प्रतिपिंड बनवते, आणि त्याचे उत्तर १९६८ मध्ये ग्रॅहॅम मिचेल व मिलर यांनी दिले. कोणती पेशी कोणत्या उंदराकडून आली हे ओळखू येईल अशा खुणा असलेल्या पेशी वापरून त्यांनी सिद्ध केले की प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी अस्थिमज्जेच्या वंशातल्याच असतात आणि थायमसच्या वंशातल्या पेशी त्यांना केवळ साहाय्य करतात. मदतनीस टी पेशी हे नाव तेव्हापासून रूढ झाले. मला स्वतःला हे नाव थोडे अपुरे वाटते, कारण मदत ही घेतली नाही तरी चालते असा त्या शब्दाचा ध्वनी आहे. इथे जे घडते ते अनुमतीच्या जवळचे आहे.

आता ही अनुमती दिली कशी जाते, त्याकडे वळते, कारण माझ्या मते या विषयातला सर्वांत विलक्षण भाग तोच आहे. बी पेशी आणि टी पेशी एकाच प्रथिनाला दोन अगदी भिन्न रीतींनी ओळखतात. बी पेशी ते प्रथिन जसे आहे तसे, त्याच्या घडीसकट, त्याच्या बाहेरच्या आकारावरून ओळखते. टी पेशीला अखंड प्रथिन ओळखताच येत नाही. तिला ते तुकडे करून, आणि तो तुकडा एमएचसी नावाच्या रेणूच्या खोबणीत बसवून दाखवावा लागतो. म्हणून बी पेशी आपल्या ग्राही रेणूला चिकटलेले प्रथिन आत ओढून घेते, त्याचे साधारण पंधरा-वीस अमिनो आम्लांचे तुकडे करते आणि ते तुकडे आपल्याच पृष्ठभागावर मांडते. त्याच जंतूचे तुकडे आधी डेंड्रायटिक पेशीवर, म्हणजे परके पदार्थ गोळा करून टी पेशींना दाखवणाऱ्या पेशीवर, पाहून सज्ज झालेली एखादी टी पेशी तिथे आली आणि तिला आपला तुकडा ओळखू आला, तरच पुढचे बोलणे होते. बी पेशी आपल्याला चिकटणारा पदार्थच इतक्या परिणामकारकपणे गोळा करून टी पेशींपुढे मांडू शकते, हे १९८५ मध्ये अँतोनिओ लान्झावेक्किया यांनी मानवी पेशींवर दाखवले.

याचा अर्थ असा की एकाच परक्या वस्तूची दोन वेगळ्या पेशींनी, तिची दोन वेगळी अंगे पाहून, स्वतंत्रपणे खातरजमा केलेली असते. बी पेशींचे ग्राही रेणू जनुकांच्या तुकड्यांची यदृच्छेने जुळणी होऊन बनतात, त्यामुळे त्यांच्यात स्वतःच्याच शरीराला चिकटणारे काही निघणे अटळ असते. अशा पेशीने दुसऱ्या कोणाला न विचारता प्रतिपिंडे सोडली, तर काय अनर्थ होईल ते सांगायला नको. पीटर ब्रेचर आणि मेल्विन कोन यांनी १९७० मध्ये दोन संदेशांचा सिद्धान्त मांडला तो याच विचाराने: पहिला संदेश एकटाच आला तर पेशीने गप्प व्हावे, दुसरा आला तरच पुढे जावे. या सिद्धान्तात पुढे पुष्कळ भर पडली, पण त्याचा गाभा टिकून आहे.

प्रत्यक्ष भेट घडते ती लसिका ग्रंथीत. एरवी त्या ग्रंथीत दोघींचे राहण्याचे भाग वेगळे असतात. बी पेशी बाहेरच्या बाजूच्या गोलाकार पुंजक्यांत आणि टी पेशी त्यांच्या आतल्या बाजूच्या पट्ट्यात. प्रतिजन, म्हणजे त्या ओळखतात तो परका पदार्थ, मिळाल्यावर दोघी आपापल्या पृष्ठभागावरचे दिशा ओळखणारे रेणू बदलतात आणि एकमेकींच्या भागाकडे सरकू लागतात, त्यामुळे त्यांची गाठ दोन भागांच्या सीमेवर पडते. तिथे टी पेशी बी पेशीला बिलगते. टी पेशीवर सीडी-४० लिगंड नावाचे प्रथिन काही तासांपुरतेच उमटलेले असते, ते बी पेशीवरच्या सीडी-४० या रेणूत बसते, आणि त्याच वेळी टी पेशी इंटरल्यूकिन-४ व इंटरल्यूकिन-२१ यांसारखी संदेशवाहक प्रथिने नेमकी त्या स्पर्शाच्या जागी सोडते. काही तासांपुरतेच, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो; हा रेणू टी पेशीवर कायम राहिला असता तर वाटेत भेटेल त्या प्रत्येक बी पेशीला अनुमती मिळत गेली असती.

या संदेशाने बी पेशीत पहिला दृश्य बदल होतो तो प्रतिपिंडाच्या जातीत. सुरुवातीला बनते ते आयजीएम. पाच घटक एकत्र बांधलेला हा मोठा रेणू असतो, तो बहुतांशी रक्तातच राहतो, त्याचे अर्धायुष्य सुमारे पाच दिवसांचे असते आणि तो वारेतून गर्भापर्यंत जाऊ शकत नाही. टी पेशीच्या संदेशानंतर तीच बी पेशी, जंतूला पकडणारे टोक तेच ठेवून, मागचा भाग बदलते आणि आयजीजी, आयजीए किंवा आयजीई बनवू लागते. आयजीजी ऊतींमध्ये शिरते, त्यातील बहुतेक प्रकारांचे अर्धायुष्य तीन आठवड्यांच्या आसपास असते, आणि आईकडून बाळाला जन्माआधी मिळणारे संरक्षण त्याचेच असते. आयजीए आतडे आणि श्वासमार्गाच्या अस्तरावर पहारा देते. कोणती जात निवडली जाईल, हे टी पेशी आणि आजूबाजूच्या पेशी कोणती संदेशवाहक प्रथिने सोडतात त्यावर बरेचसे ठरते.

दुसरा बदल याहून खोल आहे आणि तो मी वर्गात सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत असे. माझ्याकडे टॉन्सिलच्या छेदाची एक जुनी काचपट्टी आहे, नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगांनी रंगवलेली. कमी भिंगातून पाहिले की गडद निळ्या कड्यांच्या मधोमध फिकट गोल दिसतात. ही जर्मिनल सेंटर. वाल्टर फ्लेमिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातच त्यांचे वर्णन केले होते आणि तिथे पेशी विभागताना दिसतात हे नोंदवले होते. भिंग वाढवले की गोलाची एक बाजू जास्त गडद, दाटीवाटीची दिसते आणि दुसरी उजळ, विरळ. आणखी भिंग वाढवले की अधूनमधून मोठ्या, फिकट, भक्षक पेशी दिसतात आणि त्यांच्या पोटात काळसर ठिपके असतात. ते ठिपके म्हणजे मेलेल्या बी पेशींचे अवशेष. विद्यार्थी विचारत, निरोगी माणसाच्या टॉन्सिलमध्ये इतके मरण कशासाठी? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच टी पेशीची निवड.

गडद भागात बी पेशी झपाट्याने विभागतात आणि विभागताना प्रतिपिंडाच्या जनुकात हेतुपुरस्सर चुका करतात. हे काम करणारे एआयडी नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९९ मध्ये सापडले, आणि जातीतला बदल घडवून आणणारे विकरही तेच आहे. चुकांचा वेग दर विभाजनाला साधारण हजार अक्षरांमागे एक, म्हणजे शरीरातील इतर जनुकांच्या मानाने सुमारे दहा लाख पट असतो. बहुतेक चुकांनी पकड बिघडते किंवा तशीच राहते, क्वचित एखादीने ती सुधारते. मग या पेशी उजळ भागात येतात, तिथे साठवून ठेवलेले प्रतिजन आपापल्या ताकदीनुसार उचलतात, तुकडे करून मांडतात आणि टी पेशीकडे जातात. टी पेशी तिथे तुलनेने थोड्या असतात आणि उमेदवार पुष्कळ. ज्या बी पेशीची पकड चांगली तिने जास्त प्रतिजन उचललेले असते, म्हणून तिच्या अंगावर जास्त तुकडे मांडलेले असतात, म्हणून तिला टी पेशीचा संदेश जास्त मिळतो; ती जगते, पुन्हा गडद भागात जाते आणि पुन्हा विभागते. बाकीच्या मरतात आणि त्या भक्षक पेशींच्या पोटात ठिपके होऊन उरतात. पकड सुधारत जाण्याचे हे चक्र अनेक आठवडे चालते.

निवड खरोखर टी पेशीच्या हाती असते की नुसत्या प्रतिजनाच्या चढाओढीने होते, याविषयी पूर्वी वाद होता. २०१० मध्ये गॅब्रिएल व्हिक्टोरा, मिशेल नुसेन्झ्वाइग आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये एक फार सुंदर युक्ती केली. काही बी पेशींना त्यांच्या ग्राही रेणूला बगल देऊन, वेगळ्याच मार्गाने जास्त प्रतिजन पोचवले. म्हणजे त्यांची पकड इतरांपेक्षा चांगली नसतानाही त्यांच्या अंगावर तुकडे जास्त मांडले गेले. त्याच पेशी चढाओढीत पुढे गेल्या. टी पेशीचा संदेश हाच तिथला खरा तुटवड्याचा माल आहे, हे या प्रयोगाने माझ्या दृष्टीने पक्के झाले.

हे सगळे केवळ प्रयोगशाळेपुरते राहिले असते तर मी आपल्याला पत्र लिहिले नसते. ज्या लसींविषयी आपला लेख होता, त्यांतल्या काही सर्वांत यशस्वी लसी या एकाच बाणावर उभ्या आहेत. काही जिवाणूंच्या अंगावर शर्करेच्या लांब साखळ्यांचे वेष्टन असते. त्या साखळ्या बी पेशीला ओळखता येतात, पण त्यांचे तुकडे एमएचसीच्या खोबणीत बसत नाहीत, त्यामुळे टी पेशीला त्या दिसतच नाहीत. मोठ्या माणसांत काही बी पेशी अशा साखळ्यांना टी पेशीवाचूनही उत्तर देतात आणि हा अपवाद मी मुद्दाम सांगते, कारण टी पेशीशिवाय प्रतिपिंड मुळीच बनत नाही असे म्हणणेही चूक ठरेल. परंतु ते उत्तर बरेचसे आयजीएमचे असते, त्यात स्मृती जवळजवळ नसते, आणि दोन वर्षांखालील मुलांत ते फारच दुबळे असते. हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी या जिवाणूमुळे होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह नेमका याच वयातल्या मुलांना सर्वाधिक ग्रासत असे. निव्वळ शर्करेची लस १९८५ मध्ये अमेरिकेत आली, पण ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज होती त्या तान्ह्या मुलांना ती उपयोगी नव्हती.

यावरचा उपाय कल्पनेच्या पातळीवर खूप आधीपासून उपलब्ध होता. जनुके डीएनएची असतात हे १९४४ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवणारे ऑस्वल्ड एव्हरी यांनीच, वॉल्थर गोबेल यांच्यासोबत १९२९ ते १९३१ या काळात, शर्करा प्रथिनाला जोडून टोचली तर ससे तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवतात हे दाखवले होते. का, ते तेव्हा कोणालाच सांगता आले नसते. एव्ह्रिअन मिचिसन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून त्याचा उलगडा झाला: बी पेशी जोडलेला छोटा पदार्थ ओळखते, टी पेशी त्याला वाहून आणणारे प्रथिन ओळखते, आणि दोन्ही एकाच रेणूत जोडलेले असले तरच मदत पोचते. शर्करा एका बाजूला आणि प्रथिन दुसऱ्या बाजूला, असे सुटे दिले तर नाही. रॅचेल श्नीरसन आणि जॉन रॉबिन्स, तसेच पोर्टर अँडरसन आणि डेव्हिड स्मिथ, यांनी हे तत्त्व लसीत उतरवले. जोडलस, म्हणजे कॉन्ज्युगेट लस, अमेरिकेत १९८७ मध्ये मान्य झाली आणि १९९० पासून दोन महिन्यांच्या बाळांनाही देता येऊ लागली. बी पेशीने शर्करा धरून आत ओढली की तिच्यामागोमाग प्रथिनही आत येते, त्याचे तुकडे होतात, टी पेशीला ते दिसतात आणि ती शर्करेविरुद्धच्या बी पेशीलाच अनुमती देते. ज्या देशांत ही लस नियमितपणे दिली गेली तिथे हा आजार बालरोग विभागांतून जवळजवळ नाहीसा झाला. २०१० च्या डिसेंबरमध्ये बुर्किना फासोमध्ये मेंदूच्या आवरणाचाच दाह करणाऱ्या ए गटाच्या मेनिंगोकोकस जिवाणूविरुद्धची, धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला जोडलेली लस १ ते २९ वर्षे वयाच्या लोकांना देण्यास सुरुवात झाली आणि आफ्रिकेच्या ज्या पट्ट्यात या गटाच्या साथी पिढ्यानपिढ्या येत, तिथे त्या थांबल्या. आपल्या लेखात जोडलशींचा उल्लेख होता, पण जोडायचे कशासाठी हे वाचकाला कळायला त्या चित्रात काही सोय नव्हती.

संदेश पोचलाच नाही तर काय होते, हे मी एका लहान मुलाच्या निमित्ताने जवळून पाहिले आहे. मूल वर्षाचेही नव्हते आणि त्याला दोनदा न्यूमोनिया होऊन गेला होता. एका रुग्णालयात रक्ताची तपासणी झाली होती आणि आयजीएम अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आलेले पाहून, मुलाची प्रतिकारशक्ती उत्तम आहे, असे आईवडिलांना सांगण्यात आले होते. त्याची आई तो कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, अँटिबॉडी एवढ्या आहेत, तर मग हा सारखा आजारी का पडतो?" तिने बोट ठेवले होते त्या ओळीच्या खालीच आयजीजी आणि आयजीए यांचे आकडे होते आणि ते जवळपास शून्यावर होते. पुढच्या तपासणीत त्या मुलाच्या टी पेशींवर सीडी-४० लिगंड नसल्याचे कळले. या विकाराला हायपर आयजीएम म्हणतात. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो बहुतेक मुलग्यांतच दिसतो, आणि त्या जनुकाचा दोष १९९३ मध्ये अनेक संशोधकगटांनी जवळपास एकाच वेळी ओळखला. या मुलाच्या बी पेशींत काहीही बिघाड नव्हता. त्यांना दुसरा संदेश मिळत नव्हता, म्हणून त्या पहिल्या जातीवरच अडून राहिल्या होत्या. अशा मुलांच्या लसिका ग्रंथींत मी वर वर्णन केलेली फिकट वर्तुळे नसतात. बाहेरून आयजीजी देत राहणे, विशिष्ट न्यूमोनिया टाळण्यासाठी औषध चालू ठेवणे आणि योग्य दाता मिळाल्यास अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण, असे त्याचे उपचार आहेत. पण उपचार सुरू होण्याआधी कोणीतरी आकड्यापलीकडे पाहावे लागते.

याच्या शेजारी ठेवून पाहावा असा एक जुळा विकार आहे. काही मुलांत टी पेशीचा संदेश व्यवस्थित येतो, पण बी पेशीत एआयडी हे विकर नसते. रक्ताचा अहवाल जवळपास तसाच असतो, आयजीएम जास्त आणि आयजीजी नगण्य. ग्रंथींत मात्र जर्मिनल सेंटर नेहमीपेक्षा मोठी झालेली असतात. संदेश येतो आहे, बी पेशी वाढत आहेत, परंतु बदल करण्याचे हत्यार त्यांच्या हाती नाही. एका आकड्यामागे दोन पूर्णपणे वेगळ्या कथा असू शकतात, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही. उपचार न झालेल्या एचआयव्ही संसर्गातही एकूण प्रतिपिंडांचे प्रमाण कित्येकदा वाढलेले दिसते, तरी नव्या लसीला मिळणारा प्रतिसाद दुबळा असतो, कारण मदतनीस टी पेशीच घटलेल्या आणि बिघडलेल्या असतात.

आणि संदेश नको तिथे पोचला तर? सीलिअ‍ॅक आजारात रुग्णाची टी पेशी गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाचे तुकडे ओळखते. ट्रान्सग्लुटामिनेज हे शरीराचे स्वतःचे विकर ग्लुटेनशी जोडले जाते. त्या विकराला चिकटणारी बी पेशी विकरासोबत ग्लुटेनही आत ओढते, त्याचे तुकडे मांडते आणि ग्लुटेन ओळखणाऱ्या टी पेशीकडून मदत मिळवते, असे या आजारातील प्रतिपिंडांचे सर्वमान्य होत आलेले स्पष्टीकरण आहे. म्हणूनच ग्लुटेन आहारातून काढले की स्वतःच्या विकराविरुद्धची ती प्रतिपिंडेही ओसरतात. जोडलशीत जी यंत्रणा मुलांना वाचवते, तीच इथे घात करते. प्रतिकारव्यवस्था स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांत सीडी-४० लिगंड रोखण्याचे पहिले प्रयत्न झाले तेव्हा काही रुग्णांच्या रक्तात गुठळ्या झाल्या, कारण हा रेणू रक्तबिंबिकांवरही असतो. त्यानंतर औषधाची रचना बदलून हे काम पुन्हा हाती घेण्यात आले.

कोविडच्या काळात अनेक वाचकांनी पैसे मोजून आपल्या प्रतिपिंडांचा आकडा काढून घेतला आणि शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहिला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपण सर्वांनीच, वृत्तपत्रांनी आणि आम्ही शिक्षकांनीही, त्यांना प्रतिकारशक्ती म्हणजे तो आकडा असेच चित्र दाखवले होते. तो आकडा त्या दिवशी रक्तात काय फिरते आहे ते सांगतो. पकड किती सुधारली, स्मृतिपेशी किती बनल्या, आणि ग्रंथीत निवड अजून चालू आहे का, हे त्यातून कळत नाही. एमआरएनए लस घेतलेल्या काही लोकांच्या काखेतील लसिका ग्रंथींतून सुईने पेशी काढून तपासल्या गेल्या, तेव्हा दुसऱ्या मात्रेनंतर निदान बारा आठवडे जर्मिनल सेंटर कार्यरत असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन मात्रांमध्ये अंतर का ठेवतात, असे वाचक वारंवार विचारतात. या निवडीला वेळ द्यावा लागतो, हे त्या उत्तरातले एक महत्त्वाचे कारण आहे आणि ते सांगायला शब्दही फार लागत नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी की यापुढे हे चित्र छापताना मधली रेघ काढून टाकावी, बी पेशीच्या अंगावर प्रथिनाचा एक तुकडा मांडलेला दाखवावा, त्या तुकड्याला भिडलेली टी पेशी दाखवावी आणि टी पेशीकडून बी पेशीकडे जाणारा बाण काढावा. प्रतिपिंडांच्या तपासणीविषयी बातमी देताना, आकडा कोणत्या जातीच्या प्रतिपिंडाचा आहे, एवढे एक वाक्य तरी त्यात असावे. आपल्या चित्रकारांना उपयोग व्हावा म्हणून टॉन्सिलच्या त्या काचपट्टीची तीन वेगवेगळ्या भिंगांतून घेतलेली छायाचित्रे पत्रासोबत पाठवत आहे. तिसऱ्या छायाचित्रात भक्षक पेशीतील ठिपके स्पष्ट दिसतात. तिथे मी पेन्सिलीने खूण केली आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राध्यापिका